असुका नेमकी कुठली? एका ॲनिमे पात्राचं नागरिकत्व, रक्त आणि स्वभाव

‘निऑन जेनेसिस इव्हॅन्गेलियन’ ही 26 भागांची जपानी ॲनिमे मालिका टीव्ही टोकियोवर 4 ऑक्टोबर 1995 ला सुरू झाली आणि 27 मार्च 1996 ला संपली. आपल्याकडच्या बऱ्याच प्रेक्षकांना ती जून 2019 मध्ये नेटफ्लिक्सवर आल्यावरच नीट पाहायला मिळाली. मालिकेसोबत तिच्याभोवतीचे जुने वादही आले. त्यातला सगळ्यात चिवट वाद असुका लँगली सोर्यू या चौदा वर्षांच्या मुलीचा, मालिकेतल्या ‘इव्हॅन्गेलियन’ नावाच्या महाकाय यंत्राच्या चालकाचा. ती जर्मनीत वाढली, म्हणून काही जण तिला जर्मन म्हणतात. तिच्याकडे अमेरिकेचं नागरिकत्व आहे, म्हणून काहींच्या मते ती अमेरिकन. आईकडून जपानी रक्त आहे आणि बोलते अस्खलित जपानी, म्हणून उरलेले तिला जपानी ठरवतात. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे तिचा फटकळपणा, स्वतःची बढाई, दुसऱ्याला खाली ओढणं हे सगळं ‘परदेशी रक्ताचं’ म्हणून खपवलं जातं.

या वादात नेहमी एकच गोष्ट घडताना दिसते. प्रश्न नागरिकत्वाचा असतो आणि उत्तर म्हणून केसांचा रंग दाखवला जातो. प्रश्न वंशाचा असतो आणि पुरावा म्हणून स्वभाव मांडला जातो. नागरिकत्व, वंश आणि स्वभाव या तीन प्रश्नांचे पुरावे तीन वेगळ्या ठिकाणी आहेत. ते वेगळे ठेवून तपासले तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी स्पष्ट मिळतात. तिसऱ्याचं उत्तर मालिकेनेच दिलेलं आहे, आणि ते कुठल्याही देशाकडे बोट दाखवत नाही.

कागदावरची असुका

मालिकेच्या अधिकृत पात्रपरिचयात असुकाला ‘क्वॉर्टर’ म्हटलं आहे. जपानमध्ये मिश्र कुळातल्या व्यक्तीला सर्रास ‘हाफू’ म्हणतात. आजी-आजोबांच्या पिढीत एकच जण जपानी असेल तर त्या नातवंडासाठी ‘क्वॉर्टर’ हा शब्द वापरतात. असुकाची आई क्योको झेपेलिन सोर्यू अर्धी जपानी, अर्धी जर्मन. म्हणून असुका पाव जपानी. तिला ‘अर्धी जपानी’ म्हणणारे एक पिढी गाळतात, आणि ही चूक इतक्यांदा झाली आहे की आता तीच खरी वाटते. त्याच परिचयात तिचं नागरिकत्व अमेरिकेचं दिलं आहे.

आता प्रश्न असा, की जर्मनीत वाढलेली, जर्मन-जपानी आईची मुलगी अमेरिकन कशी? कथेत याचा खुलासा नाही. पण यात अशक्य असंही काही नाही. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला तिथलं नागरिकत्व जन्मानेच मिळतं. बाहेर जन्मलेल्यालाही, आई किंवा वडील अमेरिकन असतील आणि त्यांनी ठरावीक काळ अमेरिकेत काढला असेल, तर ते मिळतं. ‘लँगली’ हे आडनाव आईकडचं दिसत नाही. तेव्हा ते वडिलांकडून आलं असावं आणि अमेरिकन पासपोर्टही तिथूनच आला असावा, हा तर्क मला पटतो. तो तर्क आहे, कथेतलं विधान नव्हे, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

जपानी नागरिकत्वाचं काय? इथे कायद्याकडे पाहावं लागतं. जपानच्या 1950 च्या कायद्यात नागरिकत्व वडिलांकडून मिळत असे. आई जपानी आणि वडील परदेशी असतील तर मूल जपानी नागरिक ठरत नसे. 1984 मध्ये कायदा बदलला आणि 1 जानेवारी 1985 पासून आई किंवा वडील, दोघांपैकी कुणीही जपानी असलं तरी मुलाला नागरिकत्व मिळू लागलं. असुकाचा जन्म कथेनुसार 4 डिसेंबर 2001 चा. म्हणजे तिची शास्त्रज्ञ आई उघडच 1985 च्या आधी जन्मलेली. क्योकोचे वडील जपानी असतील तर ती जन्मतः जपानी नागरिक. आई जपानी असेल तर जुन्या कायद्याने नाही. असुकाचा हक्क मुख्यतः या अनुत्तरित गोष्टीवर लटकलेला आहे. दोन नागरिकत्वं असलेल्या मुलांना जपान मोठेपणी एक निवडायला सांगतो. असुका कथेत चौदा वर्षांची, म्हणजे तशीही त्या वयाला पोचलेली नाही.

एवढं पाहिलं तरी एक गोष्ट कळते. जर्मनीत वाढणं, अमेरिकेचा पासपोर्ट असणं आणि पाव जपानी रक्त असणं या तिन्ही गोष्टी एकाच मुलीबाबत एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

नावातली तीन आरमारं

दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी पात्रांची नावं कशी ठेवली हे स्वतः सांगितलेलं आहे. ‘असुका’ हे नाव शिंजी वादा यांच्या एका मांगातल्या (जपानी चित्रकथेतल्या) नायिकेवरून घेतलं. ‘सोर्यू’ आणि ‘लँगली’ ही युद्धनौकांची नावं आहेत. मालिकेतली बरीच आडनावं अशीच दुसऱ्या महायुद्धातल्या नौकांची आहेत: कात्सुरागी, अकागी, आयानामी, फुयुत्सुकी.

आता या नौका जवळून पाहा. सोर्यू ही जपानची विमानवाहू नौका, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यात सामील. 4 जून 1942 ला मिडवेच्या लढाईत अमेरिकन विमानांनी ती बुडवली. लँगली ही अमेरिकन आरमाराची पहिली विमानवाहू नौका, कोळसा वाहणाऱ्या जहाजाचं रूपांतर करून 1922 मध्ये सेवेत आलेली. 27 फेब्रुवारी 1942 ला जावाच्या दक्षिणेला जपानी विमानांनी तिला निकामी केलं आणि शेवटी तिच्याच सोबतच्या नौकांना ती बुडवावी लागली. आईच्या नावातलं झेपेलिन म्हणजे जर्मनीची ‘ग्राफ झेपेलिन’. 1938 मध्ये कीलला तिचं जलावतरण झालं, पण ती कधी पूर्ण झाली नाही आणि युद्धात उतरलीच नाही.

एकमेकांना बुडवणाऱ्या दोन आरमारांची आणि अर्धवट राहिलेल्या तिसऱ्याची नावं या मायलेकींच्या वाट्याला आली आहेत. असुकाला पहिल्यांदा आपण भेटतो तीही आठव्या भागात, संयुक्त राष्ट्रांच्या पॅसिफिक ताफ्यातल्या एका विमानवाहू नौकेच्या डेकवर. पात्र मिश्र आहे हा नंतर चिकटवलेला तपशील नाही, हे इथे दिसतं. ते मिश्रण नावापासूनच घडवलं आहे. पण नावाचा उपयोग पुराव्यासाठी कुठवर करायचा यालाही मर्यादा हवी. ‘असुका’ हे जपानी नाव कताकानात, म्हणजे परकी शब्दांसाठी वापरल्या जाणाऱ्या लिपीत लिहितात, म्हणून ती परकी, असा युक्तिवाद मी वाचला आहे. तो टिकत नाही. नायक शिंजी, त्याची सहचालक रेई, त्यांची वरिष्ठ मिसातो, शास्त्रज्ञ रित्सुको या सगळ्यांचीच पहिली नावं या मालिकेत कताकानात लिहिली जातात.

केस, डोळे आणि चेहरा

या मुद्द्यावर मला फार वेळ घालवायचा नाही, कारण त्यात दम नाही. असुकाचे केस तांबूस आणि डोळे निळे. पण रेईचे केस निळसर आणि डोळे लाल आहेत, मिसातोचे केस जांभळट, आणि शिंजीच्या डोळ्यांतही निळी झाक आहे. रंगावरून वंश ठरवायचा तर या मालिकेत जपानी माणूस शोधावा लागेल. योशियुकी सादामोतो यांनी रेखाटलेले चेहरे शेजारी शेजारी ठेवा आणि केस झाका. असुकाचं नाक, हनुवटी, गालांची ठेवण मिसातोपेक्षा काही वेगळी नाही. जपानी प्रेक्षक अशा मोजक्या रेषांचा चेहरा मुळात जपानीच धरतो, पात्र परकं असेल तर ते त्याला वेगळं सांगावं लागतं. अमेरिकन प्रेक्षक त्याच चेहऱ्यात गोरा माणूस पाहतो. दोघेही स्वतःचीच सवय चित्रावर चढवतात. असुका परकी आहे हे मालिका चेहऱ्यातून सांगत नाही, ती ते वागण्यातून आणि भाषेतून सांगते.

भाषा

आठव्या भागातला तो प्रसंग बहुतेकांच्या लक्षात असतो. असुका शिंजीला आपल्या जादा लाल पोशाखात कोंबून युनिट 02 या आपल्या इव्हॅन्गेलियनच्या आत नेते आणि यंत्र जर्मनमध्ये सुरू करते. इव्हॅन्गेलियन चालकाच्या विचारांवर चालतं. शिंजी जपानीत विचार करतोय म्हणून यंत्र गोंधळतं. ती त्याला जर्मनमध्ये विचार करायला फर्मावते, आणि बिचाऱ्याला आठवतो एकच शब्द: बाउमकुखेन, एका जर्मन केकचं नाव. मग वैतागून ती यंत्रच जपानीवर आणते.

शिंजीला नेमकं तेच का आठवलं, याला जपानचा इतिहास आहे. कार्ल युखहाइम हा जर्मन मिठाईवाला पहिल्या महायुद्धात जपान्यांचा युद्धकैदी होता. 1919 मध्ये हिरोशिमातल्या प्रदर्शनात त्याने हा केक विकला आणि पुढे तो जपानी दुकानांत घरचाच होऊन गेला. सामान्य जपानी मुलाच्या डोक्यात जर्मनी किती असतो याचं ते नेमकं माप आहे.

पण इथे उलट बाजूही पाहायला हवी. असुकाची यंत्र सुरू करतानाची जर्मन वाक्यं जर्मन माणसाला विचित्र वाटतात. व्याकरण अवघडलेलं, काही शब्दजोड्या निरर्थक, उच्चार जपानी. युको मियामुरा यांचा आवाज असुकासाठी अप्रतिम आहे, पण त्या जर्मन नाहीत. यावरून काही जण म्हणतात की असुका खरी जर्मन नाहीच. मला हा पुरावा पात्राबद्दलचा वाटत नाही. तो 1995 मधल्या टोकियोतल्या एका स्टुडिओबद्दलचा आहे. कथेतल्या जर्मनीचं जर्मन जपानी माणसांनी लिहिलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

याउलट कथेच्या आतला एक छोटा प्रसंग खूप काही सांगतो. दहाव्या भागात शिंजीला कळतं की असुकाने विद्यापीठाची पदवी घेतलेली आहे. तरी शाळेच्या परीक्षेत तिचे गुण कमी, कारण प्रश्नपत्रिकेतली कांजी चिन्हं तिला वाचता येत नाहीत. बोलणं अस्खलित, वाचणं लंगडं. परदेशात वाढून जपानात परतलेल्या मुलांची ही अगदी खरी अवस्था आहे. केसांच्या रंगापेक्षा हा तपशील शंभरपटीने विश्वासाचा. घरातली भाषा जपानी होती आणि शाळेची नव्हती, असं तो सांगतो.

स्वभाव

खरं भांडण इथे आहे. ‘ती अशी वागते कारण ती जपानी नाही’ हे वाक्य जपानी प्रेक्षकही म्हणतात, पाश्चात्य प्रेक्षकही म्हणतात. आपल्याकडेही ‘गोरी आहे, तोंडावर बोलणारच’ असा सूर निघतो. या समजाला मालिकेनेच खतपाणी घातलं आहे, हे मान्य करायला हवं. नवव्या भागात असुका मिसातोच्या घरी राहायला येते आणि सरकत्या दारांना कुलूप नाही हे पाहून हबकते. जपानी लोक अशा खोल्यांत राहतात तरी कसे, असं ती विचारते. मिसातो सांगते की जपानी माणसाचा विश्वास दुसऱ्याचं मन ओळखण्यावर आणि त्याची कदर करण्यावर असतो. पुढे एका रात्री असुका शिंजीला बजावते की हे दार म्हणजे जेरिकोची (बायबलमधल्या तटबंद शहराची) भिंत आहे, ओलांडलीस तर बघ.

वरवर पाहिलं तर हा संस्कृतींचा झगडा. पण याच मिसातोकडे बघा. बिअरचे डबे, कचऱ्याने भरलेलं घर, मोठमोठ्याने बोलणं, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज न घेता त्याच्या आयुष्यात घुसणं. ती पूर्ण जपानी. शिंजी बुजरा, तोही जपानी. त्याचे वडील गेंडो कुणाचं मन ओळखायची तसदीही घेत नाहीत, तेही जपानी. मग ‘जपानी स्वभाव’ नेमका कुणाचा धरायचा? नंतरच्या चित्रपटांत आलेली मारी माकिनामी इलस्ट्रियस हिच्या नावात ब्रिटिश विमानवाहू नौका आहे, आणि ती गाणी गुणगुणत मजेत लढते. परदेशी वारा लागला की माणूस असुकासारखा होतो, हे या कथेतच खोटं पडतं.

आणि त्याच रात्री, त्या भिंतीच्या बढाया मारून झाल्यावर, असुका झोपेत शिंजीच्या शेजारी येऊन पडते आणि ‘मामा’ म्हणत रडते. नवव्या भागात ते कुणी फारसं मनावर घेत नाही. बाविसाव्या भागात त्याचा अर्थ लागतो.

क्योको शास्त्रज्ञ होती. युनिट 02 वरच्या प्रयोगात तिचं मन त्या यंत्रात अडकलं आणि उरलेली बाई वेडी झाली. रुग्णालयात ती एका बाहुलीला असुका समजून तिच्याशी बोलायची. खरी असुका, चार वर्षांची, काचेपलीकडून हे पाहायची. पुढे तिची इव्हॅन्गेलियनची चालक म्हणून निवड झाली. ती बातमी सांगायला ती धावत आईकडे गेली, तर आईने गळफास घेतलेला. अंत्यविधीला कुणी तरी म्हणालं की रडलीस तरी चालेल. ती रडली नाही. यापुढे कुणाच्या आधाराने जगायचं नाही, असं तिने तिथेच ठरवलं.

हे ध्यानात घेऊन तिच्या प्रत्येक फटकळ वाक्याकडे पुन्हा पाहावं. ‘माझ्याकडे बघा’ ही मागणी त्या काचेपलीकडून आलेली आहे. स्वतःला सर्वांत चांगली चालक म्हणवून घेणं, यंत्राशी जुळण्याची शिंजीची गुणसंख्या आपल्या वर गेली की कोसळणं, रेईला ‘बाहुली’ म्हणून हिणवणं, यातलं काहीही जर्मन नाही आणि अमेरिकनही नाही. रेईवरचा राग तर सरळच आहे. आईने जिला आपली मुलगी मानलं ती बाहुली होती.

याच भागात असुका फोनवर लांबलचक जर्मन बोलते. फोन जर्मनीतून आलेला, पलीकडे सावत्र आई. शिंजीला वाटतं, किती छान नातं आहे. असुका सांगते की ते वरवरचं आहे, ती आपली खरी आई नाही. तिच्या जर्मन बाजूला भेटायची मालिकेतली ही सगळ्यात मोठी संधी, आणि तिथेही विषय देशाचा निघत नाही, आईचा निघतो.

‘त्सुंदेरे’ हा शिक्का असुकावर नेहमी मारतात, म्हणजे वरून काटेरी आणि आतून हळवी. हा शब्द 2000 नंतरच्या वर्षांत रूढ झाला आणि मागे जाऊन तिला लावला गेला. त्यानंतर शेकडो मालिकांत तांबूस-सोनेरी केसांची, अर्धी परदेशी, चिडकी मुलगी साच्यातून काढल्यासारखी येत राहिली. आज नवा प्रेक्षक ती सगळी पात्रं पाहून असुकाकडे येतो आणि तिलाही त्याच साच्यात बसवतो. या साच्यात जखमेला जागाच नाही, आणि मला याचं खरोखर वाईट वाटतं. चिडकेपणा आणि परदेशीपणा ही जोडी तिच्या नकलांनी पक्की केली. मूळ मालिकेने चिडकेपणाची जोडी आईच्या मृत्यूशी घातली होती.

शाळेतले फोटो आणि 2015 चा जपान

नवव्या भागाच्या सुरुवातीला शिंजीचे मित्र तोजी आणि केन्सुके असुकाचे चोरून काढलेले फोटो वर्गमित्रांना विकतात. तिच्या बुटांच्या खणात प्रेमपत्रांचा ढीग पडतो आणि ती तो पायाखाली तुडवते. तिच्या परकेपणाची शाळेला अडचण नाही, उलट त्याला किंमत आहे. गोऱ्या वळणाची ‘हाफू’ मुलगी जपानी जाहिरातींत आणि मासिकांत जशी हवीहवीशी असते, तशी ती इथे आहे.

मालिकेची कथा 2015 सालात घडते. खऱ्या 2015 मध्ये आरियाना मियामोतो हिची मिस युनिव्हर्स जपान म्हणून निवड झाली. तिचा जन्म अमेरिकन नौदलाचा तळ असलेल्या सासेबोचा, आई जपानी, वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, नागरिकत्व जपानचं. तरी ‘ही पुरेशी जपानी नाही’ म्हणून तिच्यावर टीका झाली. जानेवारी 2019 मध्ये निस्सिन या नूडल्सच्या कंपनीला टेनिसपटू नाओमी ओसाका हिचं ॲनिमे शैलीतलं जाहिरातचित्र मागे घ्यावं लागलं, कारण त्यात तिचा वर्ण उजळ करून टाकला होता.

असुकावरच्या वादाला निव्वळ चाहत्यांचा खेळ का म्हणता येत नाही, ते इथे कळतं. पाव जपानी, कांजी न वाचता येणारी, अमेरिकन पासपोर्टवाली असुका बिनबोभाट ‘आपली’ होते. जपानात जन्मलेल्या, जपानी नागरिक असलेल्या आरियानाला मात्र आपलं जपानीपण सिद्ध करावं लागतं. रक्ताच्या प्रमाणात मोजलं तर हे उलटं व्हायला हवं होतं. प्रमाण मुळात मोजलं जातच नव्हतं, मोजला जात होता वर्ण.

कुठली असुका?

वाद घालण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा, आपण कुठल्या असुकाबद्दल बोलतोय? वरचं सगळं टीव्ही मालिकेतल्या सोर्यूचं. सादामोतो यांच्या मांगात, जी मालिकेच्याही आधी सुरू होऊन 2013 पर्यंत चालली, असुकाचा गर्भच निवडक वीर्यदानातून आलेला आहे. तिथे ‘लँगली म्हणजे वडील’ हा माझा वरचा तर्क लागू पडत नाही. 2009 च्या चित्रपटापासून तिचं आडनावच बदललं, सोर्यूची शिकिनामी झाली. ती युरोपच्या हवाई दलातली कॅप्टन आहे. तिला अमेरिकन ठरवायला मालिकेचा पात्रपरिचय पुढे करणं चूक. शिकिनामी आणि रेईचं आडनाव आयानामी ही दोन्ही फुबुकी वर्गातल्या जपानी विनाशिका नौकांची नावं. मार्च 2021 मध्ये आलेल्या शेवटच्या चित्रपटात कळतं की रेईप्रमाणेच ही असुकाही क्रमाने बनवलेल्या प्रतिकृतींपैकी एक आहे, कारखान्यात घडवलेली. तिला क्योको नाही, जर्मन आजोळ नाही. पाव की अर्धी, हा हिशोब तिला लावताच येत नाही. तिच्याबाबत विचारायचं असेल तर एवढंच विचारता येईल की तिला कुठे वाढवलं, आणि कुणी.